कापणे, खरचटणे आणि काटा-खिळा रुतणे : भाविकांसाठी प्रथमोपचाराची माहिती

देवगडच्या किनारपट्टीवर दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांचा बराचसा वेळ अनवाणी जातो. मंदिराचे प्रांगण, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, समुद्राकडे उतरणारी वाट, वाळूची पुळण आणि तिच्या टोकाला पसरलेला खडक, हा सर्व प्रवास पादत्राणांशिवाय होतो. कुणकेश्वरसारख्या समुद्रकाठच्या क्षेत्री तर देवदर्शन आणि समुद्रस्नान एकाच फेरीत घडते. महाशिवरात्रीच्या यात्रेत हीच वाट हजारो पावले तुडवितात. अशा वेळी नारळाच्या करवंटीची कड, फुटलेल्या बांगडीची काच, मांडवाचा सुटलेला खिळा किंवा खडकाला चिकटलेले कालव पायाला लागणे ही नवलाची गोष्ट नाही.

अशा जखमांपैकी बहुतेक जखमा साबण, पाणी आणि स्वच्छ कापड एवढ्यावरच बऱ्या होतात. परंतु थोड्या जखमा अशा असतात की, दिसायला टाचणीच्या टोकाएवढ्या, पण उपेक्षा झाल्यास पाय किंवा प्राणही गमावण्याची वेळ आणणाऱ्या. या दोहोंतील फरक ओळखता यावा आणि डॉक्टर भेटेपर्यंत योग्य तेच हातून घडावे, यासाठी पुढील माहिती दिली आहे. ती शांतपणे वाचावी व आपल्यासोबत आलेल्या मंडळींनाही सांगावी.

जखमांचे प्रकार

जखमांचे वर्गीकरण आपल्याकडे फार पूर्वीच झालेले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आघाताने होणाऱ्या जखमांचे, म्हणजे सद्योव्रणांचे, सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. त्याच ग्रंथात व्रणांवरील साठ उपक्रमही दिले आहेत. यात्रेकरूच्या दृष्टीने या सहांपैकी तीन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत.

छिन्न म्हणजे धारेने कापलेली जखम. कोयता, विळी, काच, पत्रा यांनी ती होते. तिच्यातून रक्त पुष्कळ वाहते, म्हणून माणूस घाबरतो. पण वाहणाऱ्या रक्ताबरोबर पुष्कळशी घाणही बाहेर पडते.

घृष्ट म्हणजे घासून सोललेली, अर्थात खरचटलेली जखम. तिच्यातून रक्त कमी येते, आग मात्र फार होते. आणि दगडाचे कण तिच्यात अडकून राहतात.

विद्ध म्हणजे अणकुचीदार वस्तूने भोसकलेली जखम. काटा, खिळा, माशाचा काटा, गळ यांनी ती होते. तिचे तोंड लहान, रक्त एखादा थेंब, वेदनाही थोड्या वेळात ओसरते. म्हणूनच ती सर्वांत फसवी. वरचे छिद्र लगेच मिटते आणि आत गेलेली घाण हवा न लागणाऱ्या खोल जागी कोंडली जाते.

रक्त थांबविण्याची रीत

जखम कोणतीही असो, प्रथम जखमी व्यक्तीला गर्दीतून बाजूला घेऊन बसवावे. चक्कर येत असल्यास आडवे निजवावे. मदत करणाऱ्याने आपले हात साबणाने धुवावेत. हातमोजे नसल्यास हाताला प्लास्टिकची स्वच्छ पिशवी गुंडाळली तरी चालते.

जखमेवर स्वच्छ कापडाची घडी किंवा गॉज ठेवून तळहाताने घट्ट दाब द्यावा. हा दाब घड्याळ लावून सलग दहा मिनिटे ठेवावा. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी मधेच कापड उचलू नये. उचलल्यास नुकतीच धरलेली गुठळी निघून येते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. कापड भिजल्यास ते न काढता त्यावर दुसरी घडी ठेवून दाब वाढवावा. जखम हाताला किंवा पायाला असेल, तर तो भाग वर धरावा.

दोरी, गमछा किंवा रुमाल यांनी हात-पाय करकचून आवळण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. साध्या जखमेत तिची आवश्यकता नसते. अरुंद दोरीने खालच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, नसा दबतात आणि लाभापेक्षा हानी अधिक होते. थेट दाब देऊनही रक्त उसळत राहिले, तर दाब न सोडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.

कोयत्याने बोटाचा तुकडा वेगळा झाल्यास तो फेकू नये. स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवल्यास गोठून निकामी होतो.

जखम धुणे : सर्वांत मोठे औषध

रक्त थांबल्यावर जखम धुवावी. ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते आणि तिचेच महत्त्व सर्वाधिक आहे. पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याची धार जखमेवर किमान पाच मिनिटे सोडावी. नळ नसल्यास पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडून बाटली दाबावी. त्या धारेच्या जोराने आतील कण निघून येतात. साबणाने जखमेभोवतालची त्वचा धुवावी. समुद्राचे, तळीचे किंवा कुंडाचे पाणी या कामी वापरू नये. श्रद्धेच्या दृष्टीने ते पवित्र असले, तरी उघड्या जखमेत जाण्याजोगे ते निर्जंतुक नसते.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा गडद आयोडीन जखमेच्या आत ओतू नये. त्यामुळे आग होते, त्याबरोबरच नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. पोव्हिडोन आयोडीनचे मलम जखमेच्या कडांना पातळ लावण्यास हरकत नाही. मात्र त्यामुळे धुण्याचे काम टळत नाही.

जांभ्यावर खरचटल्यास

जांभा दगड सच्छिद्र आणि खरखरीत असतो. त्यावर गुडघा किंवा कोपर घासले गेल्यास तांबडे बारीक कण कातडीत रुततात. ते तसेच राहिले, तर जखम भरून आल्यावरही त्वचेखाली गोंदल्यासारखा डाग कायम राहतो आणि कधी कधी जखम चिघळते. म्हणून खरचटलेली जागा साबणाच्या पाण्याने व मऊ, स्वच्छ कापडाने हलक्या हाताने पुसून काढावी. मूल रडते म्हणून हे काम अर्धवट सोडू नये. राहिलेले कण काढण्यास चिमटा वापरायचा असल्यास तो आधी पाण्यात उकळून घ्यावा. पुष्कळ कण खोल रुतले असल्यास दवाखान्यात जागा बधिर करून ते काढता येतात.

पावसाळ्यात पायऱ्यांवर आणि कातळावर शेवाळ धरते. त्या दिवसांत ज्येष्ठांनी व गरोदर स्त्रियांनी कठड्याचा किंवा सोबत्याचा आधार घेतल्याशिवाय उतरू नये. प्रथमोपचाराची वेळच न येणे, हे केव्हाही उत्तम.

पट्टी बांधावी की जखम उघडी ठेवावी ?

“जखम उघडी ठेवा, वाऱ्याने सुकेल” असा सल्ला घरोघरी दिला जातो. १९६२ मध्ये ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविले की, झाकलेली व ओलसर राहिलेली जखम उघड्या आणि खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर नवी त्वचा धरते. तेव्हापासून जखमांच्या शुश्रूषेची दिशाच बदलली. त्यातून यात्रेत धूळ, माश्या आणि समुद्राची वाळू सतत अंगावर येते. म्हणून धुतलेली जखम स्वच्छ गॉजने झाकावी. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटतात. पट्टी रोज एकदा, आणि भिजल्यास किंवा मळल्यास लगेच, बदलावी. बोटाला किंवा पायाला पट्टी फार आवळू नये. बांधल्यावर बोटे निळी पडली, गार झाली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करावी.

खिळा, काटा, गळ

वरवर रुतलेला काटा किंवा काचेचा कण दिसत असेल आणि चिमट्यात येत असेल, तर ज्या दिशेने तो आत गेला त्याच दिशेने सरळ बाहेर ओढावा. सुईने खोल कोरून काढण्याचा प्रयत्न करू नये.

खोल घुसलेला खिळा, काचेचा मोठा तुकडा, सुरा किंवा लोखंडी सळई मात्र जागची काढू नये. आत शिरलेली वस्तू अनेकदा फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखी धरून असते. ती उपटताच रक्त उसळते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या वळ्या ठेवून, ती हलणार नाही अशा रीतीने बांधून रुग्णालयात न्यावे.

मासेमारीच्या गळाला टोकाशी उलटा काटा असतो. तो मागे ओढल्यास मांस फाडीतच येतो. गळाला जोडलेली दोरी कापावी, गळ तसाच ठेवून वर सैल पट्टी बांधावी आणि तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. डोळ्यापाशी रुतलेल्या गळास तर हातही लावू नये.

खिळा रबरी चपलेतून पायात गेला असल्यास त्याची विशेष नोंद घ्यावी. चपलेच्या ओलसर तळव्यात वाढणारे जंतू खिळ्याबरोबर खोलवर जातात आणि काही वेळा हाडापर्यंत पोहोचतात. दोन-तीन दिवस बरे वाटून पुन्हा टाच किंवा चवडा ठणकू लागल्यास, “मुका मार असेल” असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे आणि खिळा चपलेतून गेला होता, हे आवर्जून सांगावे.

समुद्रातील जखमा

खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कवच्या पात्यासारख्या धारदार असतात. ओहोटीच्या वेळी खडकावर उतरणाऱ्यांनी जाड तळव्याची पादत्राणे घालावीत. कालवाने कापल्यास वर सांगितल्याप्रमाणे गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. उबदार समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे काही जंतू असतात. निरोगी माणसास त्यांचा उपद्रव क्वचित होतो. परंतु यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्या व्यक्तीत ते काही तासांत जखम झपाट्याने चिघळवू शकतात. अशा व्यक्तींनी ताजी जखम असताना समुद्रस्नान करू नये. तसेच, समुद्रात झालेल्या जखमेभोवती सूज, काळपट फोड किंवा ताप दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिंगाळा माशाच्या पराचा काटा आणि पाकटाच्या शेपटीवरील काटा हे दोन्ही विषारी असतात. रापणीतून काढलेला मासा कुतूहलाने हाताळताना किंवा उथळ पाण्यात चालताना ते लागतात आणि असह्य वेदना होतात. येथे गरम पाणी फार उपयोगी पडते, कारण या विषातील घटक उष्णतेने निष्प्रभ होतात. जखमी हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सियस, पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब दुसऱ्याने आधी आपल्या हाताने पाहावी. वेदनेत रुग्णाला पोळल्याचे कळत नाही. वेदना शमली, तरी काट्याचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते, म्हणून तपासणी करून घ्यावी. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत शिरला असल्यास तो न काढता तातडीने रुग्णालयात न्यावे. उथळ पाण्यात पाऊल उचलून न टाकता वाळूवरून सरपटत नेल्यास पाकट चाहूल लागून दूर जाते.

चावा आणि दंश

कुत्रा, मांजर किंवा माकड यांच्या चाव्याची जखम लहान असली, तरी तिचा नियम वेगळा आहे. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, चुना किंवा तेल लावू नये; पट्टी घट्ट बांधू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि रक्त आले असल्यास जखमेत द्यावयाच्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनविषयी विचारावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ नसते. त्याआधी घेतलेली लस मात्र खात्रीने वाचविते. यात्रा अर्धी सोडावी लागली, तरी हा दिवस चुकवू नये.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला धीर देऊन निजवावे, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि सरळ रुग्णालय गाठावे. विंचूदंशातही गावठी उपचारात वेळ दवडू नये, विशेषतः मुलाला घाम, उलटी किंवा थंडगार हातपाय अशी लक्षणे असल्यास. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग विंचूदंशावर करून दाखविला आणि कोकणातील कित्येक मुलांचे प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध वेळेवर मिळाले, तरच त्याचा लाभ होतो.

धनुर्वात : लहान जखमेचा मोठा शत्रू

धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, तर मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणात असतात. गंजलेला खिळा धोकादायक ठरतो, तो मातीत पडून राहिलेला असतो आणि खोल घुसतो म्हणून. बाभळीचा काटा किंवा बांबूची सल यांनीही तोच धोका संभवतो. या जंतूंची बीजे कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. हवा नसलेल्या खोल जखमेत ती जागी होतात आणि एक विष निर्माण करतात. ते विष मज्जातंतूंच्या वाटेने वर चढते. प्रथम जबडा आवळतो, म्हणजे दातखीळ बसते, गिळता येत नाही, मान ताठरते, आणि पुढे झटक्यांनी पाठ धनुष्यासारखी वाकते. नावाचे मूळ यातच आहे.

ही बीजे किती चिवट असतात, याचा एक धडा वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे आणि त्याचा संबंध मुंबईशी आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे साक्षीपुराव्यातून दिसले की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर नीट न तापविता केवळ जंतुनाशक द्रवात बुडवून वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. जमिनीवर क्षणभर पडलेल्या चिमट्याने एवढे घडू शकते, तर जमिनीत पडून राहिलेल्या खिळ्याची उपेक्षा करणे शहाणपणाचे नाही.

लसीकरणाने हा आजार पूर्णपणे टाळता येतो. भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. बाळंतपणात माता व नवजात बालकांना होणाऱ्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये साध्य केले. परंतु त्या कार्यक्रमांपूर्वी जन्मलेल्या अनेकांना बालपणी ही लस मिळालेलीच नाही. स्त्रियांना गरोदरपणात ती मिळण्याची शक्यता असते. वडीलधाऱ्या पुरुषांच्या बाबतीत तशी संधीही आलेली नसते. यात्रेला येणाऱ्यांत या वयाचे भाविक मोठ्या संख्येने असतात, म्हणून हा मुद्दा येथे विस्ताराने सांगितला आहे.

सर्वसाधारण नियम असा आहे. ज्यांनी पूर्वी लसीचे किमान तीन डोस पूर्ण केले आहेत, त्यांना स्वच्छ, लहान जखम झाल्यास शेवटच्या डोसला दहा वर्षे उलटली असतील तरच नवा डोस लागतो. जखम खोल, मातीने किंवा शेणाने माखलेली असेल, तर पाच वर्षे उलटल्यावर तो घ्यावा. म्हणजेच, प्रत्येक ओरखड्यासाठी इंजेक्शन घेण्याचे कारण नाही. याउलट, ज्यांनी कधीच लस घेतलेली नाही किंवा आठवत नाही, त्यांनी मळकट वा खोल जखम झाल्यास लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. कारण लसीचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो. अशांनी एका डोसवर न थांबता चार आठवड्यांनी दुसरा आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा डोस पूर्ण करावा. पूर्वीच्या ‘टीटी’ऐवजी आता शासकीय कार्यक्रमात ‘टीडी’ ही धनुर्वात व घटसर्प या दोन्हींवरील लस दिली जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. धनुर्वाताची लक्षणे जखमेनंतर साधारणतः तीन ते एकवीस दिवसांत दिसतात. खिळा देवगडला लागतो आणि जबडा आवळतो तो पुण्यात, मुंबईत किंवा कोल्हापुरात घरी पोहोचल्यावर. तोपर्यंत जखम भरलेली आणि विसरलेलीही असते. म्हणून घरी परतल्यावर मान किंवा जबडा ताठरल्यास, यात्रेत जखम झाली होती, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

रूढ उपायांविषयी

जखमेत हळद भरणे, चुना लावणे, तपकीर, चहापूड, राख, कोळ्याचे जाळे किंवा शेण दाबणे, रानमोडीचा वा दगडी पाल्याचा रस पिळणे, असे अनेक उपाय प्रचलित आहेत. ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. काही वनस्पतींचे गुण संशोधकांनीही अभ्यासले आहेत. परंतु रस्त्याकडेला तोडलेल्या पानावर आणि डब्यातील हळदीवर मातीचे जंतू असतात. चुन्याने त्वचा भाजते. आणि शेणात तर धनुर्वाताची बीजेच असतात. शिवाय भरलेल्या पुडीमुळे आतील घाण दिसत नाही आणि डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते. हळदीचे स्थान दुधात आणि स्वयंपाकात उचित आहे; उघड्या जखमेत पाणी आणि साबण हेच उचित.

मधुमेही भाविकांसाठी

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायाची संवेदना मंदावते. काच रुतली तरी कळत नाही, तापलेल्या फरशीने फोड आला तरी जाणवत नाही. अशा भाविकांनी अनवाणी चालण्याचे अंतर शक्य तितके कमी ठेवावे. परवानगी असेल तेथे स्वच्छ, जाड मोजे घालावेत. मुक्कामी पोहोचल्यावर दररोज संध्याकाळी दोन्ही तळवे आणि बोटांमधील जागा उजेडात पाहाव्यात. स्वतःला दिसत नसल्यास घरच्यांना पाहण्यास सांगावे. लहानशी जखम आढळली, तरी ती दुसऱ्या दिवसावर टाकू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही जखमेच्या वेळी तसे सांगावे. त्यांच्या जखमेवर अधिक वेळ दाब द्यावा लागतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे ?

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास विलंब करू नये :

१. दहा मिनिटे सलग दाब देऊनही रक्त न थांबणे.
२. जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर होणे, आत चरबी, स्नायू किंवा हाड दिसणे. टाके शक्यतो सहा ते आठ तासांच्या आत पडणे हिताचे असते.
३. चेहरा, डोळा, सांधा, तळहात किंवा गुप्तांग येथील खोल जखम.
४. बोट हलविता न येणे किंवा जखमेपुढील भाग बधिर होणे.
५. आत काही राहिल्याची शंका येणे.
६. प्राण्याचा किंवा माणसाचा चावा.
७. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लाली व सूज वाढणे, पू येणे, ताप येणे किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसणे.

देवगड येथे ग्रामीण रुग्णालय, कणकवली येथे उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोस येथे जिल्हा रुग्णालय आहे. प्रकृती गंभीर असल्यास खासगी वाहनाची वाट पाहण्याआधी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

सोबत ठेवावयाची पिशवी

प्रत्येक कुटुंबाने किंवा प्रत्येक बसगाडीने पुढील वस्तू सोबत ठेवाव्यात : साबणाची वडी, पिण्याच्या पाण्याची एक बंद बाटली, निर्जंतुक गॉजची पाकिटे, गुंडाळपट्टी, चिकटपट्टी, लहान कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीन मलम, हातमोज्यांची एक जोडी आणि विजेरी. त्यासोबत एका कागदावर प्रत्येकाचे नाव, चालू औषधे, औषधाची ॲलर्जी आणि धनुर्वाताची शेवटची लस घेतल्याचे वर्ष लिहून ठेवावे. प्रवासाच्या धांदलीत हे वर्ष कोणालाच आठवत नाही, आणि दवाखान्यात डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात.

थोडक्यात सांगावयाचे तर, दाबावे, धुवावे, झाकावे, लसीचे वर्ष पाहावे आणि शंका असल्यास दाखवावे. या पाच गोष्टी प्रत्येक भाविकाला करता येण्याजोग्या आहेत. फुटलेला नारळ, काच किंवा सुटलेला खिळा वाटेत दिसल्यास तो उचलून कचराकुंडीत टाकणे, ही सहावी गोष्ट मागून येणाऱ्या अनवाणी पावलांसाठी करावी. आपणां सर्वांची यात्रा सुखरूप पार पडो.